प्रकरण तिसरे: सरहद्दीचे दगड

सोमवार, १ मे १९९५. जळोची.

विमल रघुनाथ शेंडे, यांस —

तुझे पूर्ण नाव मी आजवर फक्त अर्जांवर लिहिले. हा अर्ज नव्हे. पत्रही नव्हे, कारण पत्राला पत्ता लागतो. रोजनिशीची सवय तुझी. मी पाटबंधारे खात्यात नोकरीभर जमिनीच्या उंचीची मापे टिपणारी लेव्हल बुके तेवढी लिहिली, आणि त्यांत मनातल्या गोष्टींना रकाना नसतो. तरी लिहितो आहे.

तुला जाऊन साडेतीन महिने झाले. आज तुझ्या पुस्तकाची मुद्रिते आली. वाचनालयाचे चिटणीस बापूराव इंदापूरहून स्वतः घेऊन आले. 'इंदापूर: सरहद्दीवरचे तटबंद गाव'. खाली तुझे नाव. प्रकाशन रविवारी, ११ जूनला, वाचनालयाच्या वर्धापनदिनी.

बापूराव म्हणाले, "साहेब, बाईंचं काम आता तुमच्या हातात. तुमच्यासारखा काटेकोर माणूस दोन तालुक्यांत मिळायचा नाही."

काटेकोर. तूही मला हेच म्हणायचीस. सूर निराळा असे.

मुद्रिते तपासून २ जूनपर्यंत परत करायची आहेत. टेबलावर ठेवली. उघडली नाहीत.


गुरुवार, ४ मे.

प्र. १ व २ वाचली. मुद्रणदोष किरकोळ. तांबड्या शाईने सुधारले.

प्र. १ नदी आणि तिचे उतार. प्र. २ जुन्या वस्तीच्या खुणा: शेतांत निघणारी खापरे, देवळांचे विखुरलेले खांब. एके ठिकाणी तू लिहिले आहेस, 'सरहद्दीचे गाव दोन्हीकडे सारा भरते आणि दोन्हीकडून लुटले जाते. म्हणून त्याला आपला इतिहास लवकर विसरण्याची सवय लागते.' हे वाक्य तू कधी वाचून दाखवले नाहीस. की दाखवले होतेस?

गॅसचा खटका तीनदा पाहिला. बंद होता.


शनिवार, ६ मे.

प्र. ३ वाचले. दोनदा.

मला नीट समजावे म्हणून तुझा युक्तिवाद येथे उतरवतो. सुलतानी काळात भीमेच्या अल्याड एक सत्ता, पल्याड दुसरी, इंदापूर मध्ये. तेव्हा ते सरहद्दीचे ठाणे होते, गावाला गढी होती, वेस होती, याबद्दल वाद नाही. तुझा दावा त्याच्या मागे जातो. यादवांच्या काळातच गाव तटबंद होते, आणि गावापासून नदीपर्यंत पहाऱ्याची एक आखलेली रेषा होती, असे तू म्हणतेस.

पुरावा तीन वीरगळांचा. एक इंदापूरच्या वेशीत. दुसरा मधल्या माळावर. तिसरा पळसदेवला, जुन्या देवळाशेजारी. ते देऊळ आता उजनी धरणाच्या पाण्यात असते आणि उन्हाळ्यात वर येते. लढाईत पडलेल्यांचे असे दगड गावोगाव आहेत. परंतु या तिन्हींच्या पायथ्याशी एकच चिन्ह कोरलेले आहे: बाण, टोक वर. 'एका आज्ञेवाचून तीन ठिकाणी एक चिन्ह येत नाही.'

संपूर्ण पुस्तकात नवीन असे हेच आहे. बाकीचे इतरांनीही थोडेफार लिहिलेले आहे, आणि तू तसे प्रामाणिकपणे नमूद केले आहेस.

अडचण. 'चित्र क्र. ७: बाणाचे चिन्ह' या मथळ्यावर छापखान्याने रिकामी चौकट सोडली आहे. चित्र त्यांना मिळालेले नाही.

दुसरी काळजी. वेशीत लावायची पाटी रंगवून तयार आहे, असे बापूराव सांगत होते. 'यादवकालीन सीमारक्षकांचे गाव.' तिचेही अनावरण ११ लाच. एका चित्राअभावी…


मंगळवार, ९ मे. इंदापूर.

वाचनालयाच्या मागची खोली. तुझे कपाट, तुझ्या नऊ वह्या, ओल्या कागदावर दाबून घेतलेल्या ठशांची गुंडाळी. गुंडाळीला आतून वाळवी. बाकीचे ठसे अर्धेमुर्धे राहिले आहेत, क्र. ७ ची माती झालेली आहे.

वेशीतल्या दगडाकडे गेलो. शेंदराचा थर इतका जाड की वीर कुठे आणि घोडा कुठे हेही कळत नाही. पायथा तर पूर्ण बुजलेला. मी नुसते बोट लावले तर शेजारी लिंबे विकणारी बाई ओरडली, "ओ, खरवडू नका! कवच त्यो आपणहून टाकतो. तवर हात लावायचा न्हाय."

"केव्हा टाकतो?"

"त्येला इचारा."

बापूरावांनी खुलासा केला. थर वाढत वाढत जाऊन एक दिवस आपोआप गळतो, मग तो वाजतगाजत पाण्यात सोडतात. गेल्या खेपेस कवच गळले तेव्हा तू तासाभरात येऊन पोहोचली होतीस, शाळेचा तास सोडून. तू शाळेचा तास सोडलास हे मला ठाऊक नव्हते.

माळावरचा दगड रस्तारुंदीत गेला. उरला पळसदेवचा.


शुक्रवार, १२ मे.

शेजारच्यांकडून कॅमेरा मागून आणला. रोल भरून दिला त्यांनीच.

उद्या जायचे. जाणे भाग आहे. नाडी मोजली, ठीक आहे.

गेल्या मे महिन्यात तू म्हणाली होतीस, "चल की माझ्याबरोबर. एकदा बघ तरी." मी म्हणालो, "मला तेथे काम नाही." धरण होण्यापूर्वी त्या पट्ट्याची पाहणी मी केलेली. पाणी कोणत्या घराच्या उंबऱ्यापर्यंत येणार, कोणत्या घराच्या आढ्यावरून जाणार, हे त्या घरांतली माणसे चुलीवर भाकरी थापत असताना मला ठाऊक होते. पुन्हा ते गाव पाहण्याची माझी इच्छा नव्हती. हे मी तुला सांगितले नाही. 'काम नाही' असे सांगितले.

तू एकटी एस.टी.ने गेलीस.


शनिवार, १३ मे. पळसदेव. (जळोचीस परतल्यावर लिहिले.)

क्रमाने लिहितो.

फाट्यावर उतरलो. पाणी बरेच मागे गेलेले. देवळाचे शिखर आणि मंडप उघडे, पायऱ्या अजून पाण्यात. दगडाविषयी कोणाला विचारू असे पाहत असता काठावर जाळे वाळत घालणारे एक वृद्ध गृहस्थ दिसले. धोंडिबा आबा. पूर्वी मेंढरे, आता मासे आणि थोडा ऊस. दगडाचा मान त्यांच्या घराण्याकडे.

"कोन म्हनायचं तुमी?"

"इंदापूरच्या शाळेतल्या शेंडे बाईंचा… मी त्यांचे यजमान."

"आरं वा! मंग बाई कुठं हायत? यंदा आल्या न्हाईत त्या?"

सांगावे लागले. आबांनी जाळे खाली ठेवले. मग म्हणाले, "बरं झालं आज आलासा. पुढल्या ऐतवारी शेंदूर चढवायचा हाय. एकदा चढिवला की मंग काय दिसतंय? चला. बूट काढा सायेब, न्हाईतर धरान ठिवून घेतंय."

होडीने पलीकडच्या उंचवट्यावर नेले. चिखल घोट्यापर्यंत. एका हातात बूट, एका हातात छत्री, गळ्यात कॅमेरा.

दगड वर्षातले बरेच महिने पाण्यात असतो. शेंदूर धुऊन गेलेला. वर सूर्य-चंद्र, मध्ये वीर, खाली पडलेला वीर आणि गाई. सुरेख काम. पायथ्याशी आबांनी ओंजळीने चिखल बाजूला केला.

बाण. टोक वर. टोकाला टेकलेली एक आडवी रेघ, जी तुझ्या वर्णनात नाही. कदाचित तुला ती चौकटीची कड वाटली असेल. बाणाचा डावा हात उजव्यापेक्षा बोटभर लांब.

विमल, तो बाण मारुतीने कोरलेला आहे. मारुती हा माझा खलाशी, पाहणीत मोजपट्टी धरणारा गडी. डावखुरा. छिन्नी उलट्या हाताने धरी, म्हणून डावी रेघ नेहमी लांब जाई. मी त्याला त्यावरून किती वेळा बोललो असेन. बाण आणि त्यावर आडवी रेघ ही उंची मोजण्याची खूण आहे. बेंच मार्क. सरकारी.

आबा म्हणाले, "दिसलं न्हवं? ह्यो घाव सर्वेवाल्यांचा. माजी आय भांडाय धावली. 'माज्या द्येवाच्या पायावर घाव घातलास, तुज्या घरात दिवा लागायचा न्हाय,' म्हनली. त्यो सायेब छत्री धरून हुबा. म्हनला, 'बाई, सरकारी काम आहे.' लई वाळका गडी व्हता."

मी छत्री मिटली. ऊन होते तरी.

छायाचित्र घेतले नाही. बूट होडीत राहिले, ते आबांनी हाक मारून दिले.


रविवार, १४ मे.

दुसरा कोणी असू शकेल. दुसरा डावखुरा खलाशी. दुसरा साहेब. संशयाचा फायदा.

माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. लेव्हल बुके कार्यालयात जमा. परंतु खिशातली टिपणवही मी ठेवीत असे. सापडली. 'ता. बी.एम., वेशीतील दगड, पायथा.' म्हणजे तात्पुरता बेंच मार्क. दोन पानांनंतर, 'माळावरील उभा दगड.' आणि मग, 'पळसदेव, देवळालगत उभा दगड. म्हातारीची हरकत. समजूत काढली.'

मी समजूत काढली नव्हती.

म्हणजे तिन्ही माझे. गावापासून नदीपर्यंत जी आखलेली रेषा तू शोधून काढलीस, ती आहेच. ती मी आखली. एका खुणेवरून पुढच्या खुणेवर उंची मोजत नेताना, मुक्कामामुक्कामाला.


मंगळवार, १६ मे.

नीलाचा पुण्याहून फोन. मुलीला काय सांगणार?

"बाबा, जेवलात का?"

"खिचडी."

"परत खिचडी? सोमवारी खिचडी, मंगळवारी खिचडी. वेळापत्रक लावलंय का भिंतीवर?" मग म्हणाली, "आईचं पुस्तक कुठवर आलं? मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, माझ्या आईनं शोध लावलाय म्हणून."

"मुद्रिते पाहतो आहे."

"तुमचा आवाज असा का येतोय?"

"लाईन खराब आहे."

लाईन स्वच्छ होती.

प्र. ३ काढून टाकले तर पुस्तकात तू काय उरतेस? ठेवले तर, उद्या एखादा जाणता माणूस उन्हाळ्यात पळसदेवला जाईल, ती खूण पाहील आणि हसेल. तुला हसेल. माझे नाव त्यात कुठेच येणार नाही.

दोन्ही बाजूंनी विचार केला. दोन्ही बाजूंनी भीतीच वाटते.


शुक्रवार, १९ मे.

मुद्रितांवर काम नाही. प्र. ४ उघडून बसलो होतो. दोन सत्तांमधल्या काळात वेस दरवेळी नव्याने बांधली गेली, आणि प्रत्येकाने आधीच्याचे दगड वापरले, असे तू लिहिले आहेस. 'जुन्या दगडावर नवी सत्ता आपले काम काढून घेते.' वाचून मुद्रिते मिटली.

ऐतवारी शेंदूर चढायचा आहे. चढला की पुढे पाणी, पुन्हा पुढल्या मे महिन्यापर्यंत कोणाला काही दिसणार नाही. न गेलो तर चालेल. कोणीही बोलावलेले नाही.

जाणार.


रविवार, २१ मे. पळसदेव.

आबांचे सारे घर उंचवट्यावर. सुना, मुलगे, तेलाचा डबा, शेंदराची परात, नैवेद्याला पुरणपोळी. मी कोरड्या जागी उभा राहिलो. आबांनी पाहिले.

"आलासा? मागल्या टायमाला फोटू न काढताच गेलासा की!"

मी त्यांना बाजूला घेतले. वाक्य घरून तयार करून नेले होते, ते तसेच म्हटले. "आबा, आपल्या दगडावर ज्याने घाव घालायला लावला तो अधिकारी मी आहे. मी आपली क्षमा मागतो."

आबा हसले. "त्ये तवाच वळखलं व्हतं म्या. छत्री धरायची रीत तीच हाय तुमची. भाला धरल्यावानी."

"मग बोलला का नाहीत?"

"मानूस बायकू जाऊन आलेला. त्येला काय बोलायचं?"

मी त्यांच्या आईच्या शापाविषयी विचारले. अशा गोष्टी मी मानीत नाही; तरी विचारले. आबा म्हणाले, "आयनं निम्म्या गावाच्या घरातला दिवा इझवला व्हता. समद्यांकडं आता लायटी हायत. तुमी नका मनाला लावून घिऊ." सुना तोंडाला पदर लावून हसल्या.

मग त्यांनी तेलात शेंदूर कालवता कालवता जे सांगितले ते असे. "बाईंनाबी सांगितलं व्हतं म्या, गेल्या साली. बाई, ह्यो बान देवाचा न्हाय, सर्वेवाल्याचा हाय. बाईंनी वहीत लिवून घेतलं. मंग हितंच बसून डबा खाल्ला. मला लोनचं दिलं."

तुला सांगितले होते. तुला ठाऊक होते.

छायाचित्रे काढली, चार. छत्री मिटून तिच्यावर कॅमेरा टेकवला. त्यानंतर त्यांनी पायथ्यापासून शेंदूर लावायला सुरुवात केली. पहिला हात बाणावरच पडला.


सोमवार, २२ मे. इंदापूर.

पहिल्या गाडीने आलो. खोली उघडून घेतली. मागे मी फक्त चित्र शोधत होतो, वह्या वाचल्या नव्हत्या. वही ९. गेल्या मे महिन्यातले पान. अक्षर घाईचे, बहुधा होडीतले:

'धों. आबा म्हणतात, बाण सर्वेवाल्यांचा. वेशीतलाही तसाच? मग सगळेच कोसळते. ह्यांना विचारणे.'

त्याखाली दुसऱ्या शाईने, सावकाश काढलेल्या अक्षरांत:

'ह्यांना विचारले. म्हणाले, सर्व्हेत लाकडी खुंट्या ठोकतात, दगडाला हात लावण्याचा प्रश्न येत नाही. प्रश्न मिटला. प्र. ३ लिहायला घेणे.'

पुन्हा वाचले. उभ्यानेच.

मला हे आठवत नाही. तू केव्हा विचारलेस? मी जेवत होतो? वर्तमानपत्र वाचत होतो? तुझ्याकडे पाहून उत्तर दिले की न पाहता? काहीच आठवत नाही. पण उत्तर माझेच आहे, त्यातला शब्द न् शब्द माझा. नियम तसाच होता. तात्पुरत्या खुणेला लाकडी खुंटी. प्रत्यक्षात त्या माळावर संध्याकाळी ठोकलेली खुंटी सकाळी कोणाच्या तरी चुलीत गेलेली असे. म्हणून आम्ही देवाचे दगड निवडले. देवाचा दगड कोणी हलवत नाही. तू विचारलेस ते काय केले हे, आणि मी सांगितला तो नियम.

आबांनी खरे सांगितले, आणि तू माझ्यावर विश्वास ठेवलास.


गुरुवार, २५ मे. इंदापूर.

बापूरावांना सर्व सांगितले. वही दाखवली. टिपणवही दाखवली. त्यांनी चहा मागवला आणि दोन्ही वह्या पुन्हा चाळल्या.

"साहेब, आणखी कुणाला माहीत आहे?"

"धोंडिबा आबांना."

"ते थोडंच पुस्तक वाचणार आहेत! वेशीतला दगड शेंदरात, मधला रस्त्याखाली, पळसदेवचा पाण्यात. तुमचा आरोपी पण तुम्ही आणि साक्षीदार पण तुम्हीच. सोडून द्या की."

मी म्हणालो, ते शक्य नाही.

"तुमचं म्हणजे पाटाचं पाणी! मोजूनच सोडायचं, एक थेंब इकडे तिकडे नाही." मग आवाज उतरवून, "बरं, मग तिसरं प्रकरण काढू गुपचूप. बाईंची बदनामी नको."

"काढले तर चूक त्यांची होती असे होईल. चूक माझी आहे."

"अहो, पण पाटी रंगवून झाली!"

पाटी खरोखरच रंगवून झालेली आहे. आतल्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवली आहे. रंगाचा वास येत होता.


रविवार, २८ मे.

एक गोष्ट सुचली आहे. पहाटेपासून डोक्यात आहे. सावधपणे लिहितो.

देवाचे दगड हलत नाहीत म्हणून आम्ही ते निवडले, हे खरे. पण दगड आणखीही होते. हेच का? टिपणवहीत कारण आहे: 'येथून दोन्हीकडे दृष्टी स्वच्छ.' माळावरच्या दगडाशी दुर्बीण लावली की एका बाजूला गावाकडचा चढ दिसे आणि दुसऱ्या बाजूला नदीकडचा उतार. पळसदेवच्या उंचवट्यावरून नदी पायी ओलांडायच्या उताराची जागा हाताशी. मला जे दिसणे आवश्यक होते, तेच पहारेकऱ्यालाही आवश्यक असणार. वीरगळ माणूस पडला त्या जागी उभा करतात, असे तूच लिहिले आहेस. माणसे तेथे का पडली असतील?

मग बाण माझा असला तरी रेषा तुझी असू शकेल.

असू शकेल. हे अनुमान आहे. पुरावा नाही. आणि मला ते इतके हवे आहे की त्यावर माझा विश्वास बसत नाही.


मंगळवार, ३० मे.

टीप लिहिली. अकरा वेळा. अखेरचा खर्डा:

'चित्र क्र. ७. पळसदेव येथील वीरगळ. पायथ्याचा बाण प्राचीन नाही. धरणाच्या पाहणीच्या वेळी तो प्रस्तुत टीपकाराने कोरविला. वेशीतील व माळावरील दगडांवरील बाणही त्याचेच. स्थानिक गृहस्थ श्री. धोंडिबा यांनी लेखिकेस हे सांगितले होते. लेखिकेने टीपकारास विचारणा केली असता त्याने चुकीचे उत्तर दिले. ते उत्तर खरे मानून प्रकरण तिसरे लिहिले गेले आहे. र. शेंडे.'

प्रकरण जसेच्या तसे राहील. त्यातला एकही शब्द मी बदललेला नाही. तुझ्या वाक्यांना हात लावण्याचा अधिकार मला नाही.

नीलाला फोनवर वाचून दाखवले. मग, "बाबा, आईला हे आवडलं असतं का, मला नाही सांगता येणार."

"मलाही नाही."

"जेवलात का?"

"भाकरी केली." खरोखर केली होती. एका बाजूने करपली.

टिपेखाली दृष्टीबद्दलचे ते एक वाक्य शिसपेन्सिलीने लिहिले. शाईने लिहिण्याचे धैर्य झाले नाही.


शुक्रवार, २ जून. इंदापूर.

मुद्रिते, छायाचित्र आणि टीप बापूरावांच्या स्वाधीन केली. त्यांनी तेथेच उभ्याने वाचली.

"बायकोच्या पुस्तकात नवऱ्याचा कबुलीजबाब! असं कुणी छापतं का, साहेब?"

"छापावे अशी माझी विनंती आहे."

"वाचनालयाच्या मंडळापुढे ठेवतो उद्या. पण सांगतो, निम्मे म्हणतील प्रकरण काढा, निम्मे म्हणतील टीप काढा." मग पेन्सिलीच्या ओळीवर बोट ठेवून, "आणि हे? हे खोडायचं की ठेवायचं?"

मी म्हणालो, ते मलाही ठरवता आलेले नाही.

त्यांनी ओळ पुन्हा वाचली. "दोन्हीकडे दृष्टी स्वच्छ," असे मोठ्याने म्हणाले. "माझ्या आजोबांचं शेत होतं त्या माळावर. खरंच दिसायचं हो. तिथून आमच्या घरावरचा पिंपळ दिसायचा." एवढे बोलून त्यांनी सर्व कागद पिशवीत घातले. खोडले नाही. ठेवतो असेही म्हणाले नाहीत.

वह्या ९, टिपणवही १, सर्व वाचनालयाला दिले, पोच घेतली. वही ९ मधले ते पान वाचणाऱ्याला सापडावे म्हणून कागदाची पट्टी घातली आहे. मागची खोली आता मुलांच्या पुस्तकांसाठी हवी आहे, ती रिकामी करून दिली. खिडकीच्या कड्या लावल्या. कपाट उघडेच ठेवले, आत काही नाही. दाराला कुलूप लावले, दोनदा ओढून पाहिले. दोन्ही किल्ल्या बापूरावांकडे परत दिल्या.